चाकांची फळी आणि नगराचा चौक

एखादा चौक बांधला जातो तेव्हा तो कशासाठी आहे हे आराखड्यात लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो कशासाठी वापरला जाईल, हे मात्र तेथे येणारी माणसे ठरवितात. देवळापुढील एकाच पटांगणात सकाळी धान्य वाळत पडते, सायंकाळी मुलांचे खेळ रंगतात आणि रात्री कीर्तन होते. यांतील एकाही गोष्टीची नोंद कोणत्याही नकाशात नसते. आपल्याकडील जमिनीच्या व्यवहारात या वस्तुस्थितीसाठी एक नेमका शब्द आहे : वहिवाट. जागा कागदोपत्री कोणाचीही असो. दीर्घकाळ उघडपणे चालत आलेल्या वापरातून काही एक अधिकार निर्माण होतो, असा त्या शब्दामागील विचार आहे.

शहरातील सार्वजनिक जागेच्या बाबतीत हा विचार कितपत लागू पडतो? पाश्चात्त्य देशांतील अनेक नगरपालिकांना गेल्या अर्धशतकात या प्रश्नाला सामोरे जावे लागले, आणि तेही एका पोरखेळ मानल्या गेलेल्या साधनामुळे. हे साधन म्हणजे स्केटबोर्ड, अर्थात चाके लावलेली फळी. अमेरिकेतील फिलाडेल्फिया, इंग्लंडमधील लंडन आणि स्वीडनमधील माल्मो या तीन शहरांनी या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली. नगरव्यवस्थेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती अभ्यासण्याजोगी आहेत.

फळीची जडणघडण

स्केटबोर्ड हे अतिशय साधे साधन आहे. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली सुमारे अडीच फूट लांब आणि वीतभर रुंद फळी, तिच्याखाली धातूचे दोन आस आणि चार लहान चाके, एवढाच त्याचा सरंजाम. त्याला ब्रेक नसतो, धरावयास मूठ नसते, आणि खेळाडूचे पाय फळीला बांधलेले नसतात. वळावयाचे असेल तर शरीराचा भार एका अंगास झुकवावयाचा. तोल हेच या खेळाचे सर्वस्व होय.

या खेळाचा उगम कॅलिफोर्नियाच्या सागरकिनाऱ्यावर झाला. लाटांवर फळीने स्वार होणारे तेथील तरुण, समुद्र शांत असेल त्या दिवशी तोच आनंद रस्त्यावर मिळविण्याचा प्रयत्न १९५० च्या दशकात करू लागले. सुरुवातीची चाके धातूची आणि पुढे एका कडक, ठिसूळ मिश्रणाची असत. वाटेत बारीकसा खडा आला तरी चाक अडके आणि स्वार तोंडघशी पडे. साहजिकच हा छंद लवकरच मागे पडला. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकी तरुणाने पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली. ती रस्त्याला घट्ट धरून राहत आणि खडबडीतपणा पचवीत. त्यामुळे खेळाला नवा जीव आला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मोठे अवर्षण पडले आणि घरोघरचे तरणतलाव कोरडे राहिले. त्यांच्या गोलाकार भिंतींवर चाके चढवून मुलांनी एक संपूर्ण नवी शैली निर्माण केली. पोहण्यासाठी बांधलेली वास्तू पाणी नसताना अधिक उपयोगी पडू शकते, हा त्या पिढीला मिळालेला पहिला धडा होता.

याच सुमारास अमेरिकेत तिकीट लावून चालविलेले स्केटपार्क निघाले. परंतु अपघातांच्या विम्याचा खर्च न पेलल्यामुळे त्यांतील बहुतेक लवकरच बंद पडले. मैदान हरपलेला हा खेळ मग रस्त्यावर उतरला. तेथे त्याला एका नव्या कौशल्याची जोड मिळाली. फ्लोरिडातील ॲलन गेलफँड याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस, हात न लावता फळीसह हवेत उसळण्याची युक्ती साधली. त्याच्याच नावावरून ती ‘ऑली’ म्हणून ओळखली जाते. रॉडनी मलेन याने ती सपाट जमिनीवर करून दाखविली. आता खेळाडूला उताराची किंवा तलावाची गरज उरली नाही. पायरी, कठडा, कट्टा, बाक, जे जे म्हणून नगरपालिकेने बसण्या-उतरण्यासाठी बांधले होते, ते ते या खेळाचे साहित्य झाले.

दगडाची कड

या खेळात फळी उसळवून कट्ट्याच्या कडेवर नेतात आणि चाके न टेकविता तिच्याखालील धातूच्या आसावर घसरत जातात. घसरण सुलभ व्हावी म्हणून कडेला मेण चोळतात. हा प्रकार शेकडो वेळा झाला म्हणजे दगडावर काळपट पट्टे उमटतात, कोपऱ्यांचे टवके उडतात, आणि लाखो रुपये खर्चून बसविलेला ग्रॅनाइट काही वर्षांतच झिजलेला दिसू लागतो. शिवाय चाकांचा खडखडाट आणि फळी आपटण्याचा आवाज असतोच. वृद्ध, अंध आणि लहान मुलांना घेऊन चालणाऱ्या माता यांना या वेगवान फळ्यांची धास्ती वाटते. अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नगरपालिकेच्या विधिसल्लागारांची झोप उडवितो. स्केटबोर्डिंगला होणारा विरोध म्हणजे निव्वळ म्हाताऱ्यांची कुरकुर होय, असे मानणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

या विरोधातून अनेक शहरांत बंदीचे नियम झाले. दंड बसविण्यात आला, फळ्या जप्त करण्यात आल्या. याहून परिणामकारक उपाय म्हणून कट्ट्यांच्या कडेला ठराविक अंतरावर धातूच्या लहान खुंट्या ठोकण्यात आल्या. फळी त्यांना अडते आणि खेळ थांबतो. निराश्रितांना आडवे होता येऊ नये म्हणून बाकाच्या मध्यभागी दांडा बसविण्याची रीतही याच पठडीतील आहे. पोलीस रात्री घरी जातो; खुंटी मात्र चोवीस तास पहारा देते. कोणाला येथे यावयाचे नाही, हे ती न बोलता सांगते.

दुसरी बाजूही तेवढ्याच नि:पक्षपातीपणे पाहिली पाहिजे. रस्त्यावरील या खेळाला प्रवेशशुल्क नाही, गणवेश नाही, प्रशिक्षक नाही. त्यात दहा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीचा गृहस्थ एकाच पायरीपुढे आपल्या पाळीची वाट पाहत उभे असतात. पाळी मोडणे हा तेथे सर्वांत मोठा अपराध समजला जातो. कार्यालये सुटल्यावर ओस पडणाऱ्या जागी ही मुले जमतात आणि त्या जागेला जाग आणतात. वास्तुशास्त्राचे लंडनमधील इतिहासकार इयन बोर्डन यांनी स्केटबोर्डिंग आणि शहर यांच्या संबंधावर २००१ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. एकेकाळी उपद्रव म्हणून नोंदविला गेलेला हा विषय विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत आला, तो याच कारणाने.

फिलाडेल्फिया : शिल्पकाराचे बंड

फिलाडेल्फिया शहराच्या सिटी हॉलनजीक जॉन एफ. केनेडी यांच्या नावाचा चौक आहे. त्याची मूळ कल्पना एडमंड बेकन यांची. कॉर्नेल विद्यापीठात वास्तुकलेचे विद्यार्थी असताना, १९३२ मध्ये, आपल्या प्रबंधात त्यांनी या परिसराचा विचार मांडला होता. पुढे १९४९ ते १९७० या काळात ते शहराच्या नियोजन आयोगाचे कार्यकारी संचालक होते. वास्तुविशारद व्हिन्सेंट क्लिंग यांच्या आराखड्यानुसार, भुयारी वाहनतळाच्या छतावर हा चौक १९६५ मध्ये पूर्ण झाला. अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९७६ मध्ये तेथे रॉबर्ट इंडियाना यांचे ‘लव्ह’ ही चार अक्षरे असलेले शिल्प उभे राहिले, आणि लोक या जागेला लव्ह पार्क म्हणू लागले.

लांबलचक पायऱ्या, गुडघ्याएवढे कट्टे आणि गुळगुळीत फरसबंदी यांमुळे हा चौक नकळत स्केटबोर्डिंगसाठी आदर्श ठरला. १९८० आणि १९९० च्या दशकांत येथे घडलेल्या खेळाडूंच्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. २००० साली निघालेल्या एका लोकप्रिय व्हिडिओ गेममध्ये या चौकाची प्रतिकृती आली. २००१ आणि २००२ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘एक्स गेम्स’ ही साहसी खेळांची मोठी स्पर्धा फिलाडेल्फियात भरली. ज्या चौकामुळे या खेळाच्या जगात शहराचे नाव झाले, त्या चौकात खेळण्यास मात्र कायद्याने मनाई होती.

२००२ मध्ये महापौर जॉन स्ट्रीट यांच्या कारकिर्दीत चौकाचे नूतनीकरण करण्यात आले. दगडी बाकांच्या जागी लाकडी बाके आली, फरशी उखडून हिरवळीचे पट्टे घालण्यात आले, आणि बंदीची अंमलबजावणी कडक झाली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एक अपूर्व दृश्य लोकांनी पाहिले. ९२ वर्षांचे एडमंड बेकन डोक्यावर शिरस्त्राण घालून चौकात आले. दोन्ही बाजूंनी आधार घेऊन ते फळीवर उभे राहिले आणि बंदीचा उघड भंग करीत काही पावले पुढे गेले. ज्यांनी आयुष्यभर नगरनियोजनाचे नियम लिहिले, त्यांनीच एक नियम मोडला. मुलांनी या जागेचा असा उपयोग शोधून काढला याचा बेकन यांना अभिमान वाटत होता. निर्मात्याला न सुचलेला उपयोग लोकांना सुचावा, यात निर्मात्याचा अपमान नाही. त्या निर्मितीला लाभलेली ती पावतीच होय.

२००४ मध्ये डीसी शूज या कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी १० लाख डॉलर देऊ केले. शहराने ते नाकारले. नदीकाठी खेळाडूंसाठी ‘पेन्स पार्क’ ही स्वतंत्र जागा २०१३ मध्ये खुली झाली. ती चांगली असली तरी लव्ह पार्कची जागा ती घेऊ शकली नाही. अखेर २०१६ मध्ये जुना चौक पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. तत्पूर्वी, फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत, महापौर जिम केनी यांनी काही दिवसांपुरती बंदी उठविली. निरोप देण्यासाठी आलेल्यांत पहिल्या पिढीतील, आता मुलाबाळांचे झालेले खेळाडूही होते. नवा चौक २०१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. अक्षरांचे शिल्प आहे त्या परिसरात आजही उभे आहे. ज्या दगडांवर एक पिढी वाढली ते दगड तेथे राहिले नाहीत.

लंडन : वहिवाटीचा विजय

फिलाडेल्फियात निर्मात्याची साक्षही चौक वाचवू शकली नाही. लंडनमध्ये घडले ते नेमके याच्या उलट, आणि तेथे वास्तूच्या निर्मात्याऐवजी वापरणाऱ्यांची वहिवाट कामी आली.

टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीतगृह १९६७ मध्ये सुरू झाले. काँक्रीटची ही भव्य वास्तू खांबांवर उचललेली असून तिच्या पोटाखाली एक मोकळी, छताखालची जागा राहिली. तेथील काँक्रीटच्या उतरत्या चौथऱ्यांना निश्चित असा काही उपयोग नेमून दिलेला नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी तरुण तेथे फळ्या घेऊन येऊ लागले. पावसाच्या त्या शहरात कोरडी जागा मिळणे हेच मोठे भाग्य. त्यांच्यामागून भिंती रंगविणारे, सायकलवर कसरती करणारे आणि नाचणारे आले. मालकांनी मध्यंतरी दिवे बंद केले, जागेचा बराच भाग अडविला. परंतु लोक येतच राहिले.

मार्च २०१३ मध्ये साउथबँक सेंटर या संस्थेने सुमारे १२ कोटी पौंडांची विस्तारयोजना जाहीर केली. तळाची ही जागा दुकानांना व उपाहारगृहांना द्यावी आणि खेळाडूंसाठी जवळच, हंगरफर्ड पुलाखाली, नवी जागा बांधून द्यावी असा प्रस्ताव होता. दुकानांच्या भाड्यातून कलाकार्यासाठी पैसा उभा राहणार होता. संस्थेचा हेतू अप्रामाणिक नव्हता. एका सार्वजनिक हितासमोर दुसरे सार्वजनिक हित उभे होते, आणि म्हणूनच हा वाद बोधप्रद आहे.

खेळाडूंनी ‘लाँग लिव्ह साउथबँक’ ही चळवळ उभारली. नवी जागा जवळ आहे, तेवढीच मोठी आहे, मग तक्रार कशाची, असा प्रश्न त्यांना विचारला जाई. त्यांचे उत्तर असे की, ही जागा त्यांना कोणी दिलेली नाही. ती त्यांनी शोधलेली आहे. चाळीस वर्षांत तेथे जे घडले ते चौरस मीटरच्या हिशेबात बसत नाही. हा युक्तिवाद भावनेचा वाटेल. पण तो करताना त्यांनी कायद्याचा मार्ग सोडला नाही. नियोजन अर्जाविरुद्ध २७,००० हून अधिक हरकती दाखल झाल्या. त्याबरोबरच, ही जागा ‘व्हिलेज ग्रीन’ म्हणजे गावखेळाची जमीन म्हणून नोंदवावी, असा अर्ज करण्यात आला. स्थानिक लोकांनी एखादी जागा किमान वीस वर्षे, चोरून नव्हे, बळाने नव्हे आणि कोणाच्या मेहेरबानीनेही नव्हे, तर हक्काने खेळ-करमणुकीसाठी वापरली असेल, तर इंग्लंडचा कायदा तिला संरक्षण देतो. गुराख्यांच्या आणि जत्रांच्या हिरवळीसाठी घडलेली ही तरतूद काँक्रीटच्या तळघराला लागू व्हावी, अशी मागणी तरुणांनी केली. आपल्या ‘वहिवाट’ या कल्पनेचे हे विलायती भावंडच म्हणावयास हवे.

जानेवारी २०१४ मध्ये लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी खेळाडूंची जागा हलवू नये अशी भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दोन्ही पक्षांत करार झाला. जागा दीर्घकाळ खेळासाठी राखण्यात येईल हे मान्य झाले आणि न्यायालयीन वाद मागे घेण्यात आले. पुढचा भाग अधिक सांगण्याजोगा आहे. काल एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोन पक्ष पुढे एकत्र आले. पूर्वी अडविलेला भाग पुन्हा मोकळा करण्यासाठी त्यांनी मिळून सुमारे ७,९०,००० पौंडांची योजना पार पाडली, आणि जुलै २०१९ मध्ये तो भाग खेळाडूंसाठी खुला झाला.

माल्मो : आधी विचारणे

लंडनमध्ये संघर्षानंतर जो समेट झाला, तो स्वीडनच्या माल्मो शहराने आधीच साधला होता. माल्मो हे जहाजबांधणीचे शहर. तो उद्योग ओसरल्यानंतर पश्चिम बंदराचा परिसर नव्याने वसविताना, जेथे जहाजे बांधून पाण्यात सोडली जात त्या उतारांपाशी एक मोठा स्केटपार्क उभारण्यात आला. त्याची आखणी आणि प्रत्यक्ष बांधणी यांत खेळाडूंचाच हात होता. जुन्या मद्यनिर्मितीगृहाच्या आवारात खेळाडूंच्या संस्थेने बंदिस्त क्रीडागार चालविले, आणि त्याच संस्थेतून २००६ मध्ये एक माध्यमिक विद्यालय सुरू झाले. तेथे नेहमीच्या विषयांबरोबर स्केटबोर्डिंग शिकविले जाते. पुढे नगरपालिकेने या विषयासाठी स्वतंत्र समन्वयकाची नेमणूक केली. एखादा चौक नव्याने करावयाचा असेल तर कडा कोठे झिजतील, तेथे कोणता दगड घालावा, धातूची पट्टी कोठे बसवावी, याचा विचार आराखड्यातच होऊ लागला.

फिलाडेल्फियाने उखडलेला ग्रॅनाइट अखेर याच शहराने मागून घेतला. झिजलेल्या कडांसह ते दगड अटलांटिक ओलांडून माल्मोला आले आणि तेथील नव्या चौकात बसविण्यात आले. एका नगरपालिकेच्या दृष्टीने जे नुकसान होते, त्याचे दुसऱ्या नगरपालिकेने जतन केले. दगड तेच, झीजही तीच. फरक केवळ दृष्टीचा.

फ्रान्समधील बोर्दो शहराने आणखी एक व्यवहार्य मार्ग काढला आहे. तेथे काही चौकांत ठराविक वेळातच हा खेळ चालतो, त्यामुळे रहिवाशांची विश्रांती आणि तरुणांचा खेळ या दोहोंना वाव मिळतो. मैदानाला पाळी असते, तशीच चौकालाही असू शकते.

ऑलिंपिक आणि भारत

टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या, तेव्हा स्केटबोर्डिंगला प्रथमच त्यांत स्थान मिळाले. जपानच्या अवघ्या १३ वर्षांच्या मोमिजी निशिया हिने तेथे सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या स्पर्धांसाठी प्लास द ला काँकॉर्द हा इतिहासप्रसिद्ध चौकच निवडण्यात आला. ज्या खेळाला चौकातून हुसकावण्यात शहरांनी पन्नास वर्षे घालविली, त्याच खेळासाठी राजधानीतील सर्वांत मानाचा चौक काही काळ मोकळा करण्यात आला.

भारतातही या खेळाने मूळ धरले आहे. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत स्केटबोर्डिंगचा समावेश होता. अहमदाबादेत, साबरमतीच्या काठी झालेल्या त्या स्पर्धेत महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने सुवर्णपदक पटकाविले. याहून वेगळे उदाहरण मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्याचे आहे. तेथील जनवार या लहानशा गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये स्केटपार्क उभा राहिला. शाळेत न जाणाऱ्यास फळी मिळणार नाही आणि आधी मुलींची पाळी, असे दोन नियम तेथे करण्यात आले. जेथे आदिवासी आणि यादव समाजाची मुले एकमेकांपासून दूर राहत, तेथे ती एकाच उतारावर एकमेकांना हात देऊ लागली. सार्वजनिक जागा खऱ्या अर्थाने सार्वजनिक केव्हा होते, याचे उत्तर काँक्रीटच्या त्या लहानशा तुकड्याने दिले आहे.

बोध

या तीन शहरांच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. बंदी घातल्याने वापर थांबत नाही. तो केवळ बेकायदेशीर होतो, आणि नियम मोडण्याची सवय कोवळ्या वयातच लागते. पर्यायी जागा देणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते, कारण चौकाचे आकर्षण त्याच्या मध्यवर्तीपणात आणि तेथील वर्दळीत असते. झीज, आवाज आणि अपघात हे प्रश्न खरे आहेत. परंतु दगडाची निवड, वेळेची वाटणी आणि पाळीची शिस्त यांनी ते बऱ्याच अंशी सुटतात. त्यासाठी आराखडा मंजूर होण्यापूर्वी जागा वापरणाऱ्यांना बोलवावे लागते, आणि ते अठरा वर्षांखालील असले तरी त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. याबरोबरच वापरणाऱ्यांवरही जबाबदारी येते. वहिवाट हक्काची व्हावयाची तर ती उघड आणि शांततेची असावी लागते. वृद्धाला वाट न देणाऱ्याला चौकावर हक्क सांगता येणार नाही.

हा प्रश्न केवळ स्केटबोर्डचा नाही आणि केवळ परदेशाचाही नाही. आपल्या वसाहतींच्या आवारात, उद्यानांच्या दारावर आणि नव्याने सुशोभित केलेल्या चौकांत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी कोणीही वाचली असेल. ती लावण्यास रंगाचा एक डबा पुरतो. त्या पाटीपुढे चेंडू काखेत घेऊन उभ्या असलेल्या मुलाला ‘मग कोठे खेळू?’ याचे उत्तर देण्यास मात्र संपूर्ण नगराचा विचार करावा लागतो, आणि तो विचार पाटी लावण्यापूर्वी व्हावयास हवा.